केस न कापण्याचा करार
१४ सप्टेंबर. वडिलांच्या उद्याच्या श्राद्धासाठी माळ्यावरची पितळी भांडी काढताना धाकट्या भावाची रुंद दातांची फणी सापडली. खोबरेल तेलाचा वास अजून होता. भाऊ नट. एका गाजलेल्या चित्रपटमालिकेत तो जटाधारी राक्षस झाला होता, आणि तिसरा भाग होईपर्यंत केस कापायचे नाहीत असा करार होता. वडिलांच्या दहाव्याला मेहकरला पैनगंगेच्या काठी न्हावी वस्तरा घेऊन बसला, तरी हा मागेच सरकत राहिला. “राक्षसा, बस ना बे!” चुलतभाऊ ओरडला. “ताई, केस गेले त काम जाईन,” भाऊ मला हळूच म्हणाला. मीच म्हटलं, “राहू दे. बाबाले समजते.” मग चुलतभावानं मुंडण केलं, पिंडही त्यानंच ठेवला. भाऊ ओल्या कपड्यांनी लांब उभा होता. तिसऱ्या भागात तो राक्षस सुरुवातीलाच मारला. नंतर भावाला दुसरं काम कुणी दिलं नाही; सगळ्यांना त्याच्यात राक्षसच दिसे. “राक्षस पुन्हा जित्ते होतात, ताई,” असं म्हणत तो आजही केस राखून मुंबईत थांबला आहे. १५ सप्टेंबर. सकाळी श्राद्ध चुलतभावानंच केलं. मी फणी धुतली आणि भावाला कुरिअरनं पाठवून दिली.