मखरातला व्हिवियनाइट

पेणचा माणूस कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी रंगकाम बघतो. गणपतीच्या गावात जन्म काढल्यावर दुसरं होणार काय? माझ्याकडचा तो दगड मी लोकांना दाखवायचो तेव्हा निम्मे जण विचारायचे, शेड कुणी दिली. निसर्गाने दिली म्हटलं की मान डोलवायचे आणि मनातल्या मनात मला थापाड्या ठरवायचे.

दगडाचं नाव व्हिवियनाइट. म्हणजे लोखंडाचं फॉस्फेट. करंगळीएवढा एकच स्फटिक, हिरवागार, आरपार दिसणारा. इतका अखंड तुकडा मिळणं मुश्कील, संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. तो माझा नव्हता. रोह्याच्या कंपनीत, लॅबमध्ये माझे जे साहेब होते, त्यांचा होता. साहेब रोह्याजवळच्याच खेड्यातले ज्यू. मराठी आमच्याहून चांगलं, फक्त शनिवारी कामाला हात लावायचे नाहीत. बायको वारल्यावर ते मुलीकडे इस्रायलला निघाले, तेव्हा प्रवासात फुटेल म्हणून त्यांनी दगड डबीसकट माझ्या हाती दिला. "अंधारात ठेव," म्हणाले. "उजेड लागला की काळा पडतो, चिरा जातात. मी येईन तेव्हा बघेन." अख्ख्या लॅबमधून त्यांनी मला निवडलं, म्हणून मी आठवडाभर छाती काढून हिंडलो.

पण अंधारात ठेवायची वस्तू मिरवायची कशी? हा प्रश्न साहेबांना पडला नसावा, मला पहिल्याच रविवारी पडला. मग कोणी चहाला आलं की डबी निघायची. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक हा पाचूच आहे असं मलाच समजावून गेले. बायकोच्या मावशीने तो पाण्यात बुडवून ते पाणी मुतखड्यावर मागितलं. मी नाही म्हटलं, तर म्हातारी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. दोन मिनिटांनी काय होतंय, असं म्हणत मी प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं दगड दाखवत होतो.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला तर मी कहरच केला. आमच्या आळीत मखराची चढाओढ असते. समोरच्यांनी थर्माकोल सोडून बांबूचं काहीतरी केलं होतं आणि त्यांच्याकडेच रांग लागली होती. माझं डोकं फिरलं. मी तो दगड बाप्पाच्या पायाशी ठेवला आणि मागून एलईडीचा फोकस मारला. काय झळकला म्हणून सांगू. माणसं नमस्कार करायची विसरून तिथेच बघत बसली, समोरची रांग आमच्या दारात आली. पाच दिवस, पाच रात्री फोकस चालू. केमिस्ट्रीची पदवी घेतलेल्या माणसाने हे केलं.

विसर्जनाला दगड उचलला तर जळक्या गुळासारखा काळा. मधोमध दोन चिरा. मी तो डबीत घातला, डबी कपाटात घातली आणि आता दाखवत का नाही असं कोणी विचारलं की साहेबांची सक्त ताकीद आहे म्हणून सांगायला लागलो.

या वैशाखात साहेबांचा फोन आला. "रोह्याला येतोय. यानंतर काही जमायचं नाही. आईबापाच्या कबरी बघायच्यात आणि माझा दगड बघायचाय."

त्या माणसाच्या नजरेतून उतरायचं म्हणजे नोकरीची सगळी वर्षं पाण्यात. खरं सांगून टाकावं, हा सरळ मार्ग होता. पण मी पेणचा. मी जोह्याची एसटी धरली.

जोह्याला माझ्या मेहुण्याचा गणपतीचा कारखाना. त्याने दगड उजेडात धरला आणि म्हणाला, "दाजी, एवढंच ना? सोंड तुटलेला बाप्पा मी दुपारपर्यंत पाटावर बसवतो. ह्याला काय हाय?" चिरा रंगाऱ्याची लांबी भरून बुजवल्या, पिस्ता रंगात मोरपिशी मिसळून स्प्रे मारला, वरून वार्निश. थोडी चमकी पण मारू का म्हणाला, तेवढं मात्र मी अडवलं. खरं सांगतो, दगड पहिल्यापेक्षा देखणा झाला होता. मीच त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिलो.

साहेब रोह्यात पुतण्याच्या घरी उतरले होते. ओटीवर, खुर्चीत. फार वाळले होते. मी डबी दिली. त्यांनी दगड हातात घेतला, नाकाशी नेला. चाळीस वर्षं लॅबमध्ये काढलेलं नाक ते. मग अंगठ्याच्या नखाने हळूच एक कड खरवडली. नखात हिरवा पापुद्रा आला. खाली काळं.

त्यांनी नख उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, "किती लोकांनी बघितला?"

"साहेब, अख्ख्या पेणने."

मला वाटलं आता ओरडतील. ते चक्क हसले. "बरं झालं. माझी बायको म्हणायची, एकदा बाहेर काढा, उन्हात बघू दे. मी म्हणायचो, खराब होईल. ती न बघताच गेली." नखातला रंग त्यांनी धोतराच्या टोकाला पुसला. "काळा चालला असता रे मला. हा रंग कशाला लावलास? मी फसावं म्हणून?"

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. त्यांनी दगड सदऱ्याच्या खिशात टाकला आणि रिकामी डबी माझ्यासमोर सरकवली. "आता तुझ्याकडे नको," म्हणाले, आणि पुतण्याच्या सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. तो चहा मला संपवावा लागला.

पेणला पोचलो तोवर मेहुण्याचे तीन मिसकॉल. उचलला तर पहिलाच प्रश्न, "काय दाजी, म्हाताऱ्याला कळलं नाय ना?"

बायको शेजारीच उभी होती, कान देऊन.

"नाय रे," मी म्हणालो. "एकदम खूश झाले."