झाकणांवरच्या दोन पट्ट्या

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. दाई काट्यासमोर बसून साखर तोलत होती. चमचा बरणीत घातला आणि तिचा हात थांबला. पिवळ्या पट्टीच्या झाकणाखालची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. ती तळाला गेलेली असायला हवी होती.

तिला प्रयोगशाळेत सगळे दाई म्हणतात, कारण सव्वीस वर्षं ती पेशींना भरवते. काचेच्या कपाटाच्या ऊबेत, बशीएवढ्या प्लेट्समध्ये मज्जापेशी वाढतात. त्यांचं जुनं अन्न शोषून घ्यायचं, नवं घालायचं, आणि हे करताना पेशींना धक्का लागू द्यायचा नाही. तिच्या हाताखाली शिकलेली माणसं आता दुसरीकडे विभागप्रमुख आहेत. ती आहे तिथेच आहे, आणि त्याबद्दल तिची तक्रार नाही.

सध्याचा प्रयोग एका औषधावर होता. कंपवातात मेंदूतल्या ठरावीक पेशी मरतात. त्याआधी त्यांच्यातली ऊर्जाघरं, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, डॉक्टरांच्या भाषेत मायटोकॉन्ड्रिया, कुरकुरायला लागतात. हे औषध पेशीत इकडेतिकडे न रेंगाळता थेट त्या ऊर्जाघरात शिरतं, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं म्हणणं. ते खरं ठरलं तर ऊर्जाघर बंद पाडणारं विष घालूनही पेशी जगायला हव्यात.

अडचण अशी की प्लेटमधल्या पेशी लबाड असतात. साधी साखर, ग्लुकोज, मिळाली की ऊर्जाघराशिवायही त्या कसंबसं भागवतात. म्हणून त्यांना गॅलॅक्टोज नावाची दुसरी साखर द्यायची. तिच्यावर जगायचं तर ऊर्जाघर चालवावंच लागतं.

दाईने हे घरी दादाला समजावलं तेव्हा तो लगेच म्हणाला होता, "म्हणजे मशीन बंद पडलं तर हातशिलाईवर भागवतात. तुम्ही सुईच काढून घेता."

दादा तिचा थोरला भाऊ. शर्ट कापण्यात एकतीस वर्षं गेली. एका वेळी कापडाचे आठ थर कापायचा आणि आठव्या थराचा काठ पहिल्यासारखाच निघायचा. चार वर्षांपूर्वी उजवा अंगठा थरथरायला लागला. आता चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. बहीण संध्याकाळी दारात आली की तो एकच प्रश्न विचारतो, "मेल्या की जगल्या?" तीन वर्षं उत्तर एकच होतं. काल, गुरुवारी, ती पहिल्यांदा म्हणाली, "जगल्या."

दादाने ट्रंकेतून कात्री काढली. रात्रीच्या जेवणाआधी वर्तमानपत्राची एक बाही कापली. काठ करवतीसारखा आला, पण कापली. आणि दुकानाच्या मालकाला फोन करून सांगितलं, "माझं टेबल कुणाला देऊ नका."

ते सगळं आता या भरलेल्या बरणीपाशी येऊन अडकलं होतं.

दोन्ही बरण्या सारख्याच. स्पिरिटने पुसून पुसून त्यांच्यावरची नावं उडाली होती, म्हणून दाईने झाकणांवर पट्ट्या चिकटवल्या: लाल ग्लुकोजची, पिवळी गॅलॅक्टोजची. सोमवारी तिने कपाट आवरताना दोन्ही झाकणं एकदम उघडली होती. त्या सकाळी दादा न्हाणीघरात पडला होता आणि ती वीस मिनिटं उशिरा आली होती. पेशींच्या अन्नाची पहिली बाटली आधीच तयार होती. झाकणं लावली, मग दुसरी बनवली. बरणी किती भरलेली आहे, तिकडे लक्षच गेलं नाही.

तिने लाल पट्टीचं झाकण उघडलं. खाली चार बोटं पावडर.

प्लेट्स अठरा. सहा नुसत्या, सहा विषाच्या, सहा विष आणि औषधाच्या. औषधाचा थेंबही दुसरीकडे जाऊ नये म्हणून औषधवाल्यांना ती नेहमी शेवटी भरवते. मंगळवारी पहिली बाटली बाराव्या प्लेटला संपली. पुढच्या सहांना दुसरी बाटली लागली.

आणि ते पिवळेपण. अन्नाचा रंग तांबडा असतो; ग्लुकोजवर भागवणाऱ्या पेशी आंबट टाकतात, त्याने तो पिवळा पडतो. गॅलॅक्टोजवर सहसा पडत नाही. गुरुवारी औषधवाल्या सहा प्लेट्स पिवळसर दिसत होत्या. तिने पाहिलं होतं. "जिवंत आहेत, खाताहेत," असं कुणीतरी म्हणालं आणि तिने मान हलवली होती. सव्वीस वर्षांच्या डोळ्यांना जे दिसलं, ते तिने न बघितल्यासारखं केलं.

त्या दुसऱ्या बाटलीत बोटभर अन्न उरलं होतं. काय तपासायचं ते तिला ठाऊक होतं. कशाने, ते पर्समध्ये होतं. वहिनीला मधुमेह. तिच्या साखर मोजायच्या यंत्राचा सेल बदलून आणायचा म्हणून ते कालपासून दाईकडे होतं. सेल घातलेला, साखर तपासायच्या पट्ट्या तीन.

पट्टीवर बाटलीतला एक थेंब. पाच, चार, तीन. दोनशे अकरा.

लाल झाकणाखालची पावडर पाण्यात विरघळवून तिने दुसरी पट्टी लावली. 'लो'. यंत्राला ग्लुकोज तेवढं कळतं. गॅलॅक्टोज त्याच्या लेखी पाणीच. म्हणजे सोमवारी झाकणांची अदलाबदल झाली होती.

साडेआठला मॅडम आल्या. निकालाचा कागद अकराला पुढच्या समितीकडे जायचा होता. तिथे मान्य झालं की औषध उंदरांवर जाणार होतं. दाईने दार लावून घेतलं.

"मॅडम, कागद पाठवू नका. औषधवाल्या सहा प्लेट्स ग्लुकोजवर होत्या."

मॅडमनी चष्मा काढला. "खात्री आहे?"

"दोनशे अकरा."

"काय दोनशे अकरा?"

दाईने यंत्र टेबलावर ठेवलं आणि सोमवारपासूनचं सगळं क्रमाने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "झाकणावर खूण करायची नाही, हे मला कुणी शिकवलं, दाई?"

"मीच."

"मग?"

"झाकणावर लिहू नका, असं सांगायचे. पट्टीचं डोक्यात आलं नाही."

मॅडमना हसू आलं नाही. "औषध खोटं ठरलं असं नाही," त्या म्हणाल्या. "खरंही ठरलं नाही. आठवडा गेला. बाहेर कुणाला सांगितलंय?"

"भावाला."

"मी माझ्या वडिलांना," मॅडम म्हणाल्या आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

दिवसभरात दाईने अठरा प्लेट्स नव्याने लावल्या. बरण्यांच्या पोटावर नावं कोरून घेतली, झाकणांवरच्या पट्ट्या सोलून काढल्या. दुपारी डबा उघडला तसाच बंद केला. घरी जाताना एक वळण जास्तीचं घेतलं, मग आणखी एक. सांगायचं वाक्य काही केल्या जुळेना.

दादा दारातच खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर कात्री, पायाशी कागदी बाह्या.

"मेल्या की जगल्या?"

"जगल्यात. पण औषधाने जगल्या की साखरेने, ते सांगता येत नाही. चूक माझी. बाटलीत दुसरी साखर पडली."

अंगठा कात्रीच्या कडीवर टकटक करत राहिला. तो थांबवणं दादाच्या हातात नव्हतं. "म्हणजे हातशिलाई."

"बहुतेक."

"मशीन चाललंच नसेल?"

"असेलही. ठाऊक नाही, दादा."

आतून वहिनी आली. "वन्सं, माझं यंत्र आणलंत का?" दाईने ते पर्समधून काढून दिलं. "आणि यात दोन पट्ट्या कमी कशा?"

"पेशींची साखर तपासली."

"किती निघाली?"

"दोनशे अकरा."

"माझ्यापेक्षा बरी आहे. त्यांना म्हणावं, भात कमी करा."

दादा हसला, मग हसू जिथल्या तिथे विरलं. कात्री मिटवायला त्याला तीन प्रयत्न लागले. "दुकानात फोन करून सांगू का, टेबल देऊन टाका म्हणून?"

काल 'जगल्या' म्हणताना ती जेवढी घाई करून गेली होती, तेवढीच आज दाईला कोणत्याही शब्दाची भीती वाटत होती.

"छोटे," तो म्हणाला, "एखादं माप चुकलं तर मी कापड फेकायचो नाही. पुन्हा मोजायचो. केव्हा कळेल?"

"मंगळवारी."

"मग मंगळवारपर्यंत फोन राहू दे." त्याने कात्री ट्रंकेत न ठेवता खिडकीत ठेवली.

वहिनीने यंत्र आणि उरलेली पट्टी दाईच्या हातात परत दिली. "उद्या लागेल. मी नवी डबी आणते."

उद्या शनिवार, प्रयोगशाळेला सुट्टी. तरी दाई सात वाजून दहा मिनिटांनी दार उघडेल. नव्या बाटलीतला एक थेंब पट्टीवर टाकेल. यंत्रावर 'लो' दिसलं, तरच अठराही प्लेट्सना त्या एकाच बाटलीतून अन्न घालेल.