एकवीस गोळ्या, अकरा दिवस

सुभेदार मागचं पाकीट नेल्यापासून अकराव्या दिवशीच आले, म्हणून मी नवं पाकीट काउंटरवर ठेवलं नाही. रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे फिरवलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत माझं मेडिकल स्टोअर होतं. फौजेतून रिटायर झालेले सुभेदार माधवनगरहून बायकोच्या हार्मोनच्या गोळ्या न्यायला येत. पाळी जाण्याच्या वयात बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप उडते. गोळी तेच हार्मोन बाहेरून पुरवते. पाकिटात एकवीस गोळ्या. रोज एक, मग सात दिवस बंद. म्हणजे अठ्ठावीस दिवसांना एक पाकीट. चार महिने सुभेदारांची तारीख चुकली नव्हती.

"वहिनी रोज दोन घेतात?"

"आवं मालक, बायकांच्या औषधात मी कशाला बघू? चिठ्ठी हाय, डॉक्टरची सही हाय. द्या."

मी म्हटलं, वहिनींना आणा, मग देतो. चार गिऱ्हाइकांसमोर झालं, त्यांना लागलं. गावात दुसरी दुकानं आहेत, असं सुनावून ते पायरी उतरले. तिथे त्यांना गोळ्या मिळाल्याही असत्या. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या, मागे सुभेदार. वहिनींनी सरळ सांगितलं. रहिमतपूरची जाऊ राहायला आली होती. तिलाही तोच त्रास.

"मी एकटीनंच कसं बरं व्हायचं? म्हणून एक मला, एक तिला."

ही गोळी प्रत्येकीला चालत नाही, म्हणून जाऊबाईंचं कधी ऑपरेशन झालंय का, मी विचारलं. वहिनींनी पदर सारखा केला.

"दोन सालं झाली. कॅन्सरची गाठ हुती. एका बाजूची छाती काढली. पर आता बरी हाय."

मी पाकिटातला माहितीचा कागद काढून वाचून दाखवला. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईला ही गोळी द्यायची नाही. तसल्या काही गाठी याच हार्मोनवर वाढतात.

सुभेदारांनी कागद हातात घेऊन उलटून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे उसाला घातलेलं खत तणाला बी लागतं."

"तसंच."

त्याच दिवशी ते दोघींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. जाऊबाईंची गोळी बंद झाली. तपासणीत नवी गाठ नव्हती. वहिनींची गोळी चालू राहिली, पण दर सहा महिन्यांनी छाती तपासून घ्यायची, या अटीवर.

पुढे सुभेदार पुन्हा अठ्ठाविसाव्या दिवशी येऊ लागले. मी विचारायच्या आधीच सांगत, "एकटीच घेती."

चिठ्ठीवर नाव एकाच माणसाचं असतं. औषध देणाऱ्याने ते वाचावं, आणि मागची तारीखही वाचावी. मी आयुष्यभर गोळ्या मोजून दिल्या. अभिमान मात्र त्या दिवशी न दिलेल्या एकवीस गोळ्यांचा आहे.