दोन किल्ल्यांचं कपाट

कचेरीत तिला सगळे फौजदारीण म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं, हे त्याहून वाईट. गोपनीय कागदांची खोली तिच्या ताब्यात होती. त्या खोलीत पाऊल टाकायला वरून खास परवानगी लागे, ती मोजक्याच लोकांकडे होती, आणि आपल्याकडे ती आहे एवढ्यावर बाईचं नाक वर्षानुवर्षं वर. दाराशी कोणी घुटमळलं की खेकसायची, "काय, वाट चुकलात?"

खोलीत एक लोखंडी कपाट. त्याला दोन कुलपं, एकाची किल्ली तिच्याकडे, दुसऱ्याची साहेबांकडे. दोघं हजर असल्याशिवाय ते उघडायचं नाही, असा नियम. पण साहेब म्हणजे आळसाचा गोळा. दुपारी जेवण झालं की आपली किल्ली खुशाल तिच्या टेबलावर टाकायचे. "बाई, तुमच्यावर काय पहारा ठेवायचा?" म्हणायचे आणि मित्राच्या दुकानात गप्पा हाणायला निघून जायचे. या एका वाक्यावर ही विरघळायची. इतरांना नियम दाखवून सळो की पळो करणारी बाई दोन्ही किल्ल्या लावून एकटीच कपाट उघडायची. तिचा नवरा त्याच कचेरीत टपाल बघायचा. त्यालाही तीच परवानगी होती. साहेब किल्ली टाकत असतानाच तो बरेचदा टपाल घेऊन यायचा आणि ते बघून, टपाल ठेवून परत जायचा.

एक दिवस न कळवता तपासणी आली. कपाट सताड उघडं, दोन्ही किल्ल्या कुलपांत, समोर ही एकटी. एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता, पण ऐकतो कोण? साहेब धापा टाकत आले आणि आल्या आल्या बोलले, "माझी किल्ली खणात होती. बाईंनी परस्पर काढली." डोळ्यांत डोळे घालून बोलला मेला. त्याच्या मुस्काटात द्यावी असं तिला वाटलं, आणि द्यायलाच हवी होती.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात नवऱ्याला गाठलं.

"चौकशीत सांगा, साहेब स्वतःच किल्ली द्यायचे म्हणून. तुम्ही पाहिलंय."

"पाहिलं आणि कळवलं नाही म्हटलं, तर माझीही परवानगी जाईल. कोणी सांगितला होता तुला नसता शहाणपणा?"

"म्हणजे मी एकटीने मरायचं."

"मरायचं काय त्यात? फाटकाच्या खिडकीत बसवतील. पगार तोच."

पगार तोच, म्हणे. त्या खोलीशिवाय ही बाई म्हणजे कोण, हे ज्याला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नाही, त्याला आता काय कप्पाळ समजावणार? चौकशीत साक्षीदार कोण असं विचारलं, तेव्हा तिने सरळ नवऱ्याचं नाव घेतलं. त्याला बोलावलं. तो बुटांकडे बघत म्हणाला, "माझ्या तरी पाहण्यात नाही." शेजारी साहेब रुमालाने चष्मा पुसत होते.

तिची परवानगी कायमची रद्द झाली. फौजदारीण फाटकाच्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना पास देऊ लागली. ज्यांच्यावर ती खेकसली होती ते आता मुद्दाम खिडकीशी थांबून विचारत, "काय बाई, बरं आहे ना?" ती पास आपटून द्यायची. घरी नवराबायकोत कामापुरतं बोलणं उरलं होतं, तेही भांड्यांच्या आवाजात.

एका रात्री ताटावर बसल्यावर तो सहज सांगावं तसं म्हणाला, "साहेबांनी तुझी किल्ली माझ्याकडे दिली. विश्वासाचा माणूस हवा म्हणाले."

तिने डाव पातेल्यात आपटला. "एकच दिलीय, का दुपारी त्यांचीही टाकून जातात?"

"कपाटाचं तुझ्याशी बोलता येत नाही मला," तो म्हणाला. "तुला परवानगी नाही." आणि वाढ म्हणून ताट पुढे केलं.