ओलेगने बुजवलेला मॅच पॉइंट

ओलेगचा मॅच पॉइंट होता आणि मी अंपायरच्या उंच खुर्चीवरून खाली उतरत होतो. दुसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत ओलेगने बुटाने माती सारखी करून टाकली.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट, जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या एका क्लबातली. मी नोकरीने इंजिनिअर, सुट्टीच्या दिवशी टेनिसचा चेअर अंपायर. लाल मातीच्या कोर्टवर बॉलचा ठसा उमटतो. खेळाडूला बॉल आउट वाटला तर तो खेळ थांबवतो आणि मी उतरून ठसा बघतो. पण मी बघण्याआधी त्यानेच ठसा पुसला, तर पॉइंट समोरच्याला जातो. रडून उपयोग नसतो.

ओलेग रशियन, वय सत्तावीस, रँकिंगमध्ये हजाराच्या घरात. अशा खेळाडूंना क्लबचेच लोक आपल्या घरी ठेवून घेतात. ओलेग हेर ब्रुनर, म्हणजे ब्रुनरसाहेब, यांच्याकडे उतरला होता. हे क्लबचे प्लाट्झवार्ट, म्हणजे कोर्टांची निगा राखणारे गृहस्थ. मातीत खड्डा दिसला की यांचं डोकं फिरायचं. आठवडाभर सरावाच्या वेळी ते कुंपणाबाहेर उभे राहून ओलेगकडून एकेक खड्डा पायाने बुजवून घेत होते. आता पोरगा नाश्त्यानंतर टेबलावरचे पावाचे कणसुद्धा स्वतःहून गोळा करतो, असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं होतं.

ही क्वालिफायिंगची शेवटची मॅच. जिंकला तर मुख्य स्पर्धेत, हरला तर टेनिस सोडून घरी, असं ओलेगने ठरवलं होतं. सकाळी त्याने ते मला हसत हसत सांगितलंही. अंपायरला असलं काही सांगू नये.

मी खाली पोचलो.

"ठसा कुठे आहे?"

त्याने बोट दाखवलं. तिथे माती इस्त्री केल्यासारखी सपाट होती. मग त्याचं त्यालाच उमगलं आणि चेहरा पडला. कुंपणाबाहेर ब्रुनर समाधानाने मान डोलावत होते.

"हेर ब्रुनर बघत होते," ओलेग म्हणाला.

नियमांच्या पुस्तकात ब्रुनर नव्हते. मी परत चढलो आणि ड्यूस, म्हणजे बरोबरी, पुकारला. काय झालं ते ब्रुनरना शेजाऱ्याने समजावलं, तेव्हा त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. तो गेम गेला, पुढचे दोन गेले, मॅच गेली.

संध्याकाळी स्पर्धेच्या मुख्य पंच बाईंनी मला बोलावलं. मी नियम धडाधडा म्हणून दाखवला.

"गेनाऊ, अगदी बरोबर आहे नियम," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला स्वतःला काय दिसलं?"

"आउट. चांगला दोन बोटं बाहेर."

"मग तुम्ही पुकारलं का नाही?"

इंजिनिअरची खोड. म्हटलं ठसा आहेच, उतरून नीट बघू आणि मग बोलू. अंपायरने दिसल्या क्षणी ओरडायचं असतं. मी ओरडलो असतो तर मॅच तिथेच संपली असती, आणि ओलेगने खुशाल अख्खं कोर्ट सारवलं असतं.

बाहेर आलो तर ओलेग बॅग खांद्यावर टाकून माझीच वाट बघत होता. त्याने हात पुढे केला.

"सॉरी. तुम्हाला उगाच अडचणीत टाकलं. चूक माझी होती."

खरं काय ते सांगायला हवं होतं. मला लाज वाटली, पण तोंड उघडलं तेव्हा निघालं, "इट्स ओके." तेही मोठ्या मनाने.

तेव्हापासून बॉल बाहेर दिसला की मी आधी ओरडतो. कधी चुकतो, मग खेळाडू शिव्या घालतात. शिव्या परवडतात. माफी मागितलेली परवडत नाही.