काही कमी नाई, साहेब

गिऱ्हाईक टीप ठेवायला लागले की भाऊ टेबलाकडे पाठ करून उभे राहायचे. खिशात हात घालणाऱ्याकडे वाढप्याने बघू नये, असे त्यांचे मत. ‘आपण पाहून राह्यलो त माणूस लाजेनं देते बाई, खुशीनं नाई,’ म्हणायचे. म्हणून भटारखान्यात आम्ही त्यांचे नावच पाठमोरेभाऊ ठेवले होते.

ब्रह्मपुरीहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे हॉटेल. मी पोळ्या लाटायची, भाऊ वाढायचे. वाघ न दिसलेल्या लोकांचा सगळा राग आमच्या डाळीवर निघायचा. मी आतून शिव्या घालायची, भाऊ मात्र हसतमुख. हातात भांडे असताना आपले दुखणे बोलायचे नाही, हा त्यांचा नेम. ‘जेवत्या माणसापुढं रडलो त त्याले घास जाईन काय?’ कोणी विचारपूस केली की उत्तर ठरलेले, ‘काही कमी नाई, साहेब.’

कमी तर सगळेच होते. मालक टीप पगारात धरायचा. ‘गिऱ्हाईक देते ना तुले, मग मले कायले मागतं?’ असे म्हणत त्याने पगार अर्ध्यावर आणला होता. पावसाळ्यात जंगल बंद, तेव्हा टीपही नाही. त्यात भाऊंच्या बायकोचे, सुमनबाईंचे, हृदयाचे दुखणे. नागपूरला नेऊन ऑपरेशन करायचे तर हाताशी पैसा हवा.

एका वकिलाने सांगितले, ‘किमान पगार मालकानंच द्यायचा, टीप त्यात धरता येत नाही. मागचा फरकही मिळेल.’ आम्ही सगळ्यांनी तक्रार केली. भाऊंचे नाव सगळ्यात वर. त्या दिवसांत ते टेबल पुसताना गुणगुणायचे, आणि मला फार बरे वाटायचे.

कामगार अधिकारी नेमके जेवणाच्या वेळी आले. मालक कसला पोचलेला! त्याने त्यांना आधी जेवायलाच बसवले आणि वाढायला भाऊंना धाडले. साहेब भला माणूस होता. घास घेता घेता त्यांनी विचारले, ‘पगार पूर्ण मिळतो का हो तुम्हाला?’

भाऊंच्या हातात भाताचे पातेले होते. तोंडातून बाहेर पडले ते रोजचेच, ‘काही कमी नाई, साहेब. पोटभर जेवा.’

‘खोटं हाय ते!’ मी लाटणे आपटून ओरडले. मालक हसला. ‘बाई जराशी तापट हाय, साहेब.’ बाकीच्यांनी भाऊंकडे बघून माना खाली घातल्या. पहिल्याच नावाने नाकारल्यावर तक्रार तिथेच मेली.

मागे भांडी घासायच्या जागी भाऊ स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते. ‘काऊन बोललो मी असं? भांडं हातात होतं ना बाई!’ मला त्यांचा भयंकर संताप आला. तरी मीच त्यांचे हात धरले.

पुढे चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात मी सुमनबाईंना भेटायला गेले. ऑपरेशनाची वेळ निघून गेली, हे डॉक्टरांनी भाऊंना सकाळीच सांगितले होते. ते खाटेवर बसून बायकोला पेज भरवत होते.

‘नागपूरले जायची सोय झाली काय हो?’ सुमनबाईंनी विचारले.

‘झाली ना. काही कमी नाई. तू जेव.’

त्या बिचाऱ्या पोटभर जेवल्या. मग भाऊंनी वाटी खाली ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.