पोळा फुटण्याआधी

माझ्या थोरल्या चुलतभावाचे हातपाय त्याच्या आधी जन्माला आले आणि तो बिचारा मागाहून, धापा टाकत, त्यांना शोधत आला, असं माझं ठाम मत आहे. अनसिंगच्या आमच्या मळ्यात दादा कुठून गेला हे कुणाला विचारावं लागत नसे. वांग्याची मोडलेली रोपंच सांगत. पंगतीत नैवेद्य दाखवायच्या आत याचा घास तोंडात. कुणाला पाण्याचा तांब्या द्यायचा तर निम्मं पाणी त्याच्या धोतरावर, उरलेलं स्वतःच्या अंगावर. शाळेत गुरुजींनी प्रश्न अर्धा विचारला की हा उभा राहून उत्तर देई, तेही दुसऱ्याच प्रश्नाचं. आणि धावत सुटला की थांबायची सोय देवाने त्याच्यात केलेलीच नव्हती. भिंत, कडब्याची गंजी किंवा एखादा पाहुणा आडवा आला म्हणजेच तो थांबे.

मोठी आई, म्हणजे त्याची आई, ओरडली की डोळ्यांत पाणी आणून म्हणे, "मी नाई सांडलं वं माय, हातानं सांडलं." आम्ही हसून लोळत असू. आज वाटतं, पोरगं अगदी खरं बोलत होतं. मनातलं 'थांब' हातापर्यंत पोचायच्या आत हात आपलं काम उरकून मोकळे झालेले असत. त्या काळी आमच्याकडे याला एकच नाव होतं, वेंधळा, आणि एकच औषध, धपाटा.

फक्त चांद्या बैलाजवळ तो माणसात येई. चांद्याच्या मानेवर हात ठेवून चालला की त्याची पावलंसुद्धा सरळ पडत. म्हणून पोळ्याला चांद्याचा दोर आपल्या हातात असावा, एवढी एकच हौस त्याने वर्षानुवर्षं धरली होती. शेवटी त्याच्या बाबांनी, आमच्या मोठेबाबांनी, तो दिला.

आमच्याकडे पोळ्याला सजवलेले बैल तोरणासमोर रांगेत उभे करतात. लोक चढाओढीने झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात आणि प्रत्येक झडतीच्या शेवटी सारा गाव "हर हर महादेव" गर्जतो. पण ती धावायची खूण नव्हे. झडत्या संपाव्यात, पाटलाच्या मानाच्या बैलाने तोरणाखालून जावं, तोरण तुटावं, तेव्हा पोळा फुटतो आणि मग बाकीच्यांनी सुटायचं. दादा पहिल्याच गर्जनेला सुटला. त्याच्यामागे चांद्या, चांद्यामागे सारी रांग! पाटलाचा बैल जागेवरच, आणि तोरण आमच्या चांद्याच्या शिंगांत.

भर मैदानात पागोटं काढून मोठेबाबांना पाटलाची माफी मागावी लागली. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "काहून धावला रे?"

"मी थांबूनच होतो बाबा, पाय गेले."

"मंग त्या पायाईले थांबाले शिकव. तवरोक तुले दोर भेटनार नाई."

झालं! वर्षभर गावाला करमणूक मिळाली. दादा बांधावर उभा राहायचा, पायाची बोटं चिखलात रोवून, जीभ दातांत धरून, आणि आम्हालाच सांगायचा, "ओरडा रे." आम्ही मागून, झाडावरून, कुठूनही "हर हर महादेव" ओरडत असू. आधी तो दर वेळी सुटे. मग नुसताच थरथरे. दिवाळी गेली, उन्हाळा गेला, आणि एक दिवस आमचे घसे बसले तरी तो हलला नाही. मोठ्या आईने त्याची दृष्ट काढली.

पुढच्या पोळ्याला दोर पुन्हा त्याच्या हातात आला. झडत्यांवर झडत्या झाल्या, दादा खांबासारखा उभा. मानाचा बैल गेला, तोरण तुटलं, सारे बैल धुरळा उडवत गावाकडे पळाले. धुरळा बसला तेव्हा मैदानात दोघंच होते, दादा आणि चांद्या. चांद्याने एकदा मान हिसडली आणि तोही थांबला. मोठेबाबा धावत गेले.

दातांतली जीभ सोडून दादाने विचारलं, "बाबा, फुटला काय पोया?"

"फुटला रे राजा. जाय आता."

तो गेला, पण चालत.

त्यानंतर दादा धावलेला मी पाहिला नाही. गाव म्हणे, पोरगं सुधारलं. मला मात्र ते उधळलेलं, पाहुण्यांवर आदळणारं पोर हवं होतं आणि अजून हवं आहे. थांबायला आम्ही साऱ्या गावाने मिळून शिकवलं. सुटायचं कधी, हे शिकवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. एकट्या मोठेबाबांना ते कळलं असावं. पुढे प्रत्येक पोळ्याला ते त्याच्यामागे उभे राहत आणि तोरण तुटलं की पाठीवर हात ठेवून हळूच म्हणत, "फुटला रे राजा, जाय."

मोठेबाबा वारले त्या वर्षीही पोळा फुटला. मैदान रिकामं झालं आणि दादा नव्या बैलाचा दोर धरून उभाच राहिला. मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने झटकन वळून पाहिलं, आणि माझा चेहरा दिसताच पुन्हा समोर बघू लागला.